खजुराहोचं विमान

बाबांच्या लेखी बनारस ते छतरपूर हे अंतर एका रात्रीचं होतं. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा आजोबांनी घरात तसंच सांगितलं होतं म्हणे, "फार लांब नाही. एक रात्र गाडीत काढायची की सकाळी पोरीच्या दारात." ती रात्र कधीच एका रात्रीत संपली नाही. गाडी रखडत रखडत महोब्याला पोचायची, तिथून बस, आणि आत्याच्या घरी हातपाय धुऊन बसेपर्यंत तिथली जेवणं उरकलेली असायची. तरी कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "बहीण ना? एका रात्रीवर आहे."

आतोबा गेले तेव्हा ऐन उन्हाळा होता. फोन सकाळी आला, गाडी संध्याकाळची. उन्हामुळे तिकडे अंत्यविधी थांबवणं शक्य नव्हतं. बाबा आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तेव्हा सगळं आटोपलं होतं. आत्या ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. बाबांना बघून ती एवढंच म्हणाली, "आलास दादा? आधी पाणी पी." परतीच्या गाडीत बाबा रात्रभर खिडकीशी बसून होते. बनारसला उतरल्यावर, पुलाच्या पायऱ्या चढताना म्हणाले, "लांब दिली आपण तिला." त्यांच्या तोंडून लांब हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, गल्लीत. घराणं इथे किती पिढ्या आहे ते बाबाच सांगू शकतात आणि प्रत्येक वेळी एखादी पिढी वाढवून सांगतात. ते शाळेत संस्कृत शिकवायचे. मी बँकेत आहे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आत्याचं सासरही मराठीच, पण बुंदेलखंडात मुरलेलं. त्यामुळे आत्याच्या मराठीत बुंदेली आणि आमच्या मराठीत बनारसी. दोघां भाऊबहिणींना फोनवर बोलताना ऐकून माझी पुण्याची मैत्रीण एकदा म्हणाली होती, "हे नक्की कोणत्या भाषेत भांडतायत?"

ते भांडण दर रविवारी सकाळी व्हायचं. बाबांचा गुडघा गेला होता, आत्याचं खुब्याचं हाड मोडून जोडलेलं होतं. गाडीच्या पायऱ्या दोघांनाही जमेनात, तेव्हा फोनच उरला. दोघांनाही कमी ऐकू येतं. त्यामुळे आख्ख्या गल्लीला छतरपूरची खबर असायची. थंडी सुरू झाली की आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"आला का रे मलइयो?"

"आला. कालच दोन खाल्ले."

"खा. एकटाच खा. शुगर वाढेल तेव्हा समजेल."

मलइयो हा बनारसचा थंडीतला प्रकार. दूध आटवून रात्रभर उघड्या आभाळाखाली ठेवतात, त्यावर ओस, म्हणजे दव, पडू देतात. पहाटे ते घुसळलं की केशरी फेस वर येतो. तो कुल्हडात, मातीच्या पेल्यात, भरून विकतात. जिभेवर ठेवला की नाहीसा होतो, आणि ऊन चढलं की कुल्हडातल्या कुल्हडातसुद्धा खाली बसून नाहीसा होतो, तळाला चमचाभर दूध राहतं. म्हणून तो गावाबाहेर जात नाही. पेढे गेले, लाल पेरू गेले, बाबांनी आत्याकडे सगळं पाठवलं. मलइयो कसा पाठवणार? लग्न होऊन गेल्यापासून ती थंडीत माहेरी अशी आलीच नव्हती. तिचं येणं उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलांना घेऊन. लहानपणी बाबा तिला गल्लीच्या तोंडापर्यंत हाताला धरून न्यायचे आणि दोघांत एक कुल्हड घ्यायचे. तळाचं दूध कुणी प्यायचं यावरून मारामारी व्हायची, हे मी दोघांकडूनही ऐकलं आहे. दोघांच्या मते ते दूध दुसऱ्यानेच प्यायलं.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. बाबा सकाळी पेपर घेऊन माझ्या खोलीत आले. मी ऑफिसची तयारी करत होते.

"आपल्या बाबतपूरच्या विमानतळावरून खजुराहोला विमान सुरू झालंय," ते म्हणाले. "पाऊण तास."

"बरं."

"बरं काय? खजुराहोहून छतरपूर म्हणजे मोटारीने तास. ऐक ना. माझा शाळेचा नकाशा कुठे आहे?"

मी संध्याकाळी घरी आले तर नकाशा जमिनीवर पसरलेला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवलेल्या आणि बाबा फूटपट्टी घेऊन खुर्चीतून वाकलेले. त्यांनी मापून काढलं होतं. सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास.

"मला वाटायचं, पाच-सहाशे तरी असेल," ते म्हणाले. "एवढी वर्षं मला कुणी सांगितलंच नाही."

"गाडी वळसे घेत जाते बाबा. इलाहाबाद, माणिकपूर, बांदा."

त्यांनी फूटपट्टी पुन्हा एकदा लावून बघितली. मग म्हणाले, "पाऊण तासात मलइयो बसत नाही."

ते काय म्हणतायत हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग मी समजावायला गेले. पाऊण तास फक्त हवेतला. इथून बाबतपूरला पोचायचं, तिथे आधी जाऊन बसायचं, उतरल्यावर सामान, मग मोटार. बाबा म्हणाले, "छोटीला विमानतळावरच बोलवू. तिथेच खाईल." छोटी म्हणजे आत्या. सत्तरी कधीच ओलांडली असली तरी या घरात ती छोटीच.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचे प्रयोग सुरू झाले. सकाळी कुल्हड आणायचा, स्टीलच्या डब्यात ठेवायचा, डब्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघायचं. पहिल्या दिवशी डबा छतावर ठेवला, तो माकडांनी नेला. डबा शेजारच्यांच्या छतावर सापडला, चाटूनपुसून स्वच्छ. मग जिन्याखालच्या दगडी कोनाड्यात, जिथे आई लोणी ठेवायची, तिथे ठेवून पाहिला. झाकण उघडून उघडूनच तो बसतोय असं मी म्हटल्यावर त्यांनी उघडणं बंद केलं. शेवटी थर्मोकोलच्या खोक्यात, फडक्यात गुंडाळलेला मलइयो दुपारच्या जेवणापर्यंत टिकला. थोडा खाली गेला होता, पण होता. बाबांनी तो मला चमच्याने भरवला आणि विचारलं, "आहे ना?"

"आहे," मी म्हटलं, आणि संध्याकाळी तिकिटं काढली.

आत्याला सांगितलं तेव्हा तिला आनंद झाला, पण ती म्हणाली, "दादा, तू बस बाबा त्यात. मी काही बसणार नाही. ज्याला खालून आधार नाही, त्यात बसायचं म्हणजे काय!"

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. त्या सकाळी नशिबाने बनारसला ऊन पडलं होतं. आमच्या घरात धुक्याला कोहराच म्हणतात, आणि त्या महिन्यात कोहरा नाही असा दिवस म्हणजे सणच. नाक्यावरच्या मलइयोवाल्याने चार कुल्हड वरपर्यंत भरून दिले. खोक्यात ठेवताना तो म्हणाला, "गुरुजी, हमार मलइयो त आज ले हवाई जहाज नाहीं चढ़ल." बाबांनी नवा स्वेटर घातला होता, मफलर, डोक्यावर टोपी. टॅक्सीत खोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरलं.

विमानतळावर सामान तपासतात तिथे खोकं अडलं. तपासणारा जवान बलियाकडचा असावा, बोलण्यावरून. त्याने झाकण उघडलं आणि हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बाबूजी, लिक्विड नहीं जाएगा."

"ये लिक्विड नहीं है," बाबा म्हणाले.

"तो का सॉलिड है?"

बाबा विचारात पडले. आयुष्यभर पोरांना व्याख्या शिकवलेला माणूस, खोटं बोलणं शक्य नव्हतं. "सॉलिड भी नहीं है," ते म्हणाले. "देखा जाए तो ज़्यादातर हवा है."

मागे रांग वाढत होती. जवानाने त्याच्या वरच्या बाईंना बोलावलं. त्या आल्या, कुल्हडांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "किसके लिए ले जा रहे हैं?"

"बहन के लिए. शादी के बाद खाया नहीं उसने."

"कब हुई शादी?"

बाबांनी सांगितलं. त्या बाईंचा तेव्हा जन्मही झाला नसणार. त्यांनी एक कुल्हड उचलून वजन अजमावलं, हातात काहीच नसल्यासारखं ते होतं. म्हणाल्या, एकेक कुल्हड नियमात बसतो, पण एक चमचा स्वतः खाऊन दाखवा. बाबांनी तिथेच, पट्टा आणि चपला काढलेल्या अवस्थेत, एक चमचा खाल्ला. जवान म्हणाला, "अब जल्दी जाइए बाबूजी, नाहीं त बइठ जाई."

विमान छोटं होतं, पंख्याचं. बाबांनी त्याच्याभोवती नजर फिरवून म्हटलं, "बसच आहे की." खिडकीची जागा त्यांची. विमान वर गेलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला, पण घाबरून नव्हे. नंतर कळलं, खाली गंगेचं वळण दिसलं होतं आणि मला दाखवायचं होतं. आमच्या घाटांवर आम्ही रोज उभे राहतो. पण नदी एवढी वाकलेली आहे हे तिच्या काठावरून दिसत नाही. बाबा काचेला नाक लावून बसले. थोड्या वेळाने जमीन दिसेनाशी झाली. खाली पांढरं पसरलं होतं, एकसारखं, टोकापर्यंत.

"कोहरा," बाबा म्हणाले.

पाऊण तास झाला, विमान उतरेना. एका बाजूला कलून ते वळत राहिलं. मग कप्तानाचा आवाज आला की खजुराहोची धावपट्टी दिसत नाही, थोडी वाट बघू. बाबा मजेत होते. "म्हणजे ती आत्ता आपल्या खाली आहे," ते म्हणाले. "बरोबर खाली." दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. मग पुन्हा आवाज आला. विमान वाराणसीला परत जात होतं.

मी बाबांकडे बघायचं टाळलं. जरा वेळाने त्यांच्या मांडीवर खुडबुड ऐकू आली. त्यांनी खोकं उघडलं होतं.

"घे," ते म्हणाले. "आता ठेवून काय करायचं? बसेल."

मलइयो अजून होता. अर्ध्यावर आला होता, पण होता. एक त्यांनी मला दिला, एक पलीकडच्या जागेवरच्या गृहस्थांना. ते खजुराहोला गाइड होते आणि घरी पोचता न आल्याने वैतागून बसले होते. हवाई सुंदरीने आधी नको म्हटलं आणि मग पडद्यामागे जाऊन खाल्ला. रिकामा कुल्हड परत द्यायला आली तेव्हा तिने विचारलं, "अंकल, ये मिलता कहाँ है?" बाबांनी तिला टॅक्सी कुठे सोडायची इथपासून रस्ता सांगितला. चौथा त्यांनी स्वतः खाल्ला. सावकाश, तळाच्या दुधासकट.

बाबतपूरला उतरल्या उतरल्या त्यांनी फोन लावला. तिकडे आत्या आणि आतेभाऊ खजुराहोच्या विमानतळाबाहेर सकाळपासून बसले होते. बाबांनी नेहमीसारखा मोठा आवाज लावला, लोक वळून बघू लागले.

"छोटे, मी तुझ्या डोक्यावर होतो!"

"ऐकलं मी," आत्याचा आवाज तेवढाच मोठा. "घर्रर्र करत होतास. मी हात केला वर. हा म्हणतो, आई, दिसतंय का त्यांना. म्हटलं, न दिसू दे."

बाबा हसायला लागले. मग एकदम फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला तर आत्या बोलतच होती. "…आणि त्याला म्हणावं आता परत तू नको निघूस. आता मी येते."

मला वाटलं, बोलण्यात बोलते आहे. संध्याकाळी आतेभावाचा फोन आला. "आई ऐकत नाहीए. म्हणते, दादा हवेतून जाऊन परत आला, आता मी नाही बसले तर बरं नाही दिसत. मी परवाचं तिकीट काढतोय. मलाही यावं लागेल ना बरोबर." त्याच्या आवाजात तक्रार होती, पण फार नव्हती.

ठरल्या दिवशी दोन्हीकडे आभाळ मोकळं होतं. बाबा टॅक्सीवाल्यांच्या गर्दीत कठड्याला टेकून उभे होते, काठी हातात. आत्या व्हीलचेअरमधून बाहेर आली. अंगात दोन स्वेटर, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला, मांडीवर पिशवी. तिने भावाला पाहिलं आणि नमस्कार नाही, रडणं नाही, तक्रारच सुरू केली.

"अरे, चहा तरी नीट पिऊ द्यायचा ना यांनी! कपाला तोंड लावलं आणि म्हणाले, उतरा."

बाबांनी खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला बाजूला केलं आणि स्वतः ढकलायला लागले. काठी त्यांनी आत्याच्या हातात दिली. गुडघा दुखत असणार. टॅक्सीपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबते, पुढे पायीच. शेजारचे दोघे जण प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले आणि आत्याला खुर्चीसकट उचलून निघाले. पुढे एक जण ओरडत होता, "किनारे, किनारे!" गाय हलेना तेव्हा आत्यानेच बाबांच्या काठीने तिला टोचलं. वाटेत तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं, पण ती प्रत्येक दाराकडे बघून सांगत होती, इथे अमुक राहायचे, इथे पान मिळायचं. बाबा मागून चालत दुरुस्त्या करत होते. "ते इथे नाही, पुढच्या घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वतः जाऊन मलइयो घेऊन आले. आत्या अंगणात उन्हाच्या तुकड्यात बसली होती. पहिला चमचा तिने तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. आम्ही वाट बघत होतो.

"केशर कमी झालंय," ती म्हणाली.

"केशर तेवढंच आहे. तेव्हा तुझं तोंड लहान होतं."

तिने तो संपवला, दुसरा मागितला. दुसरा हातात घेऊन चमच्याने वरचा फेस हलवत राहिली. मग बाबांकडे न बघता बोलली. "दादा, यांच्या वेळी तू पोचला नाहीस ते तू मनाला लावून घेतलंस. मला कळत होतं. फोनवर कसं बोलणार, सगळे ऐकतात. अरे, यांना न्यायला माणसं होती की. मुलगा होता, सगळा मोहल्ला होता. नंतर माझ्यापाशी बसायला कुणी नव्हतं. तू आलास, पाणी प्यायलास, मग मी पण प्याले. तोवर घशाखाली काही गेलं नव्हतं माझ्या."

बाबांनी तिचा पहिला, रिकामा कुल्हड उचलून बाजूला ठेवला. मी आत जाऊन चहा टाकला आणि मुद्दाम वेळ लावला. बाहेर आले तेव्हा दोघांचं वेगळंच काही चाललं होतं, घाटावरून लहानपणी पाण्यात कोण पडलं होतं, यावरून.

आतेभाऊ चार दिवसांनी परत गेला. आत्या होळीपर्यंत राहिली. तिच्यामुळे स्वयंपाकघरात बुंदेलखंड आलं. भाज्या तिखट झाल्या, बाबांच्या शुगरची औषधं तिने आपल्या ताब्यात घेतली, आणि मी बँकेतून आले की दोघं मिळून माझी तक्रार मलाच सांगायची. परत जाताना तिने खिडकीची जागा मागून घेतली. आधाराचं काय झालं असं मी विचारलं, तर म्हणाली, "अगं, आधाराचं सोड, ते पडायच्या आत पोचतंच."

गेल्या वर्षी बाबांनी धडा घेतला आणि कोहरा पडायच्या आधी, दिवाळीनंतर लगेच गेले. मी रजा काढून सोडून आले. विमान सरळ उतरलं. आत्या बाहेर उभी होती, वॉकर धरून, पण उभी. आठ दिवसांनी आणायला येते असं सांगून मी परतले.

आठव्या दिवशी संध्याकाळी फोन केला. बाबा म्हणाले, "तिकीट पुढे ढकल. इथे आवळ्याचं झाड लागलंय, छोटीला एकटीला मुरंबा व्हायचा नाही."

मागून आत्या ओरडली, "मुरंबा मीच करतेय. हा नुसता पाक चाखतोय!"

"पाक बघायला नको का? तुझा नेहमी कच्चा राहतो."

"कधी राहिला? सांग, कधी राहिला?"

मी एकटीपुरता कुकर लावला होता. फोन ओट्यावर ठेवला, वरणाची फोडणी केली, पान वाढून घेतलं. ती दोघं अजून पाकावरच होती. फोन ठेवायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मीही तो ठेवला नाही. ऐकत ऐकत जेवले.